हॅवक म्हणे!

२ ऑक्टोबर, दसरा

आजचा दिवस माझा होता. उगीच नम्रपणा कशाला?

बेंगळुरूतच जयनगरला होतो तेव्हा दसऱ्याला आपट्याची चिंता नसे. मंडळातलं कोणीतरी कुठून तरी फांद्या आणायचं. इलेक्ट्रॉनिक सिटीत लेकीच्या, यशश्रीच्या फ्लॅटवर राहायला आल्यानंतरचा हा आमचा पहिलाच दसरा. संकुलात मराठी घरं दहा-पंधरा, सगळी आयटीतली मुलं. सकाळपासून त्यांच्या ग्रुपवर रडारड चालू. आपटा कुठे मिळेल, अॅपवर दिसतोय पण संपलाय, कोणाच्या ओळखीत शेत आहे का. एकाने पानं कागदावर छापून कापायची सूचना केली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी लिहिलं, "आपटा आपल्याच बागेत आहे. क्लब हाउसच्या मागे. पाच वाजता सर्वांनी जमावे."

ते झाड मी रोज फिरताना बघतो. जोडपान, मध्ये चीर, पक्का आपटा. सरकारी कारखान्यात रडारचे सुटे भाग पास-नापास करण्यात माझी हयात गेली, मला एक पान ओळखता येणार नाही होय?

यशश्री म्हणाली, "बाबा, ते हुक्केरीकाकांचं झाड आहे ना? तेच रोज पाणी घालतात त्याला."

"बागेतलं झाड सगळ्यांचं असतं," मी म्हटलं. "आणि दयानंदराव बेळगावला गेलेत. इथे असते तर सगळ्यांच्या पुढे असते."

बायकोने, प्रतिमाने, फोन करून विचारा म्हणून सांगितलं. सणासुदीला माणसाला कशाला त्रास द्यायचा? दयानंद हुक्केरी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझे मित्र आहेत. या नव्या वस्तीत मला मिळालेले एकमेव.

पाचला चांगली चाळीस माणसं जमली. साताऱ्याकडचा एक मुलगा म्हणाला, आमच्या गावात पाटलांनी इशारा दिल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. मग इथला पाटील कोण, तर सर्वानुमते मी. डोक्याला काहीतरी हवं म्हणून यशश्रीची क्रिकेटची टोपी घातली, बाकावर उभा राहिलो आणि आरोळी ठोकली, "लुटा रे सोनं!"

आवाज असा लागला की बी ब्लॉकच्या गॅलऱ्यांत लोक बाहेर आले. मुलं तुटून पडली. उंच फांद्या मी आकडीने ओढून दिल्या. आकडी दयानंदरावांचीच, शेवग्याच्या शेंगांसाठी आणली होती, परत करायची राहून गेली. बघता बघता झाड बोडकं. फांद्यांच्या टोकांना लांबट हिरव्या कळ्यांसारखं काहीतरी होतं. आपट्याला या दिवसांत कळ्या येतात हे मला ठाऊक नव्हतं. माणूस रोज काही ना काही शिकतो.

घरी प्रतिमाने सोनं दिलं, पाया पडली आणि पान उलटसुलट करून म्हणाली, "अहो, हे जरा मोठं नाही वाटत?" मी म्हटलं, बेंगळुरूची हवा चांगली आहे.

३ ऑक्टोबर

दयानंदराव सकाळीच परतले. फिरायला खाली गेलो तर ते झाडापाशी उभे. चपलेवर पांढऱ्या रंगाचे ठिपके पडलेले, गावाकडे कुठे रंगकाम चाललं असेल.

"कोण केलं ओ हे?"

"काल दसरा होता ना," मी म्हटलं. "सोनं लुटलं. सगळ्यांनी मिळून."

"ह्याचं सोनं?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, आपटा नव्हे हा! बसवनपाद आहे, बसवनपाद! तुमच्यात कांचन म्हणतात की. आमच्यात दसऱ्याला बन्नी देतात, तुमच्यात आपटा. हे दोन्हीतलं एक बी नव्हे!"

मी चष्मा पुसून पुन्हा लावला. झाडावर बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

"पानं काय, परत येतील," मी म्हटलं.

"पानं येतील. खरं कळ्या?" बेळगावकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. "पाच वर्षं झाली लावून. यंदा पहिल्यांदा कळी धरली होती."

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चला, कॉफी घेऊ. बाय-टू." गेटाबाहेरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, आम्ही रोज एक कॉफी दोन पेल्यांत घेतो. ते लिफ्टकडे गेले.

आपट्याचं आणि कांचनाचं पान इतकं सारखं असणं ही निसर्गाचीही चूक आहे.

४ ऑक्टोबर

नोटीस लागली! तिन्ही लिफ्टमध्ये, इंग्रजीत, खाली सेक्रेटरींची सही. काही रहिवाशांनी सार्वजनिक बागेत 'हॅवक' माजवल्याबद्दल समितीला खेद वाटतो, विषय १९ तारखेच्या वार्षिक सभेत घेतला जाईल.

हॅवक? चूक म्हणा. गैरसमज म्हणा. फार तर नासधूस म्हणा, मी खाली मान घालून ऐकलं असतं. हॅवक म्हणजे काय, आम्ही शहर जाळलं? घोडे घातले कोणाच्या अंगावर? रोज अर्धी कॉफी वाटून पिणाऱ्या माणसाने हा शब्द लिहावा, आणि तोही लिफ्टमध्ये, जिथे तो दिवसातून सहा वेळा वाचावा लागतो!

मी ठरवलं आहे. कारखान्यात एखादा भाग निकामी झाला की आम्ही तो उघडून, भिंगाखाली घालून त्याचा अहवाल लिहायचो. हा शब्दही तसाच उघडणार. सभेत सगळ्यांसमोर सिद्ध करणार की तो इथे बसत नाही.

प्रतिमा म्हणाली, "त्यापेक्षा वर जाऊन सॉरी म्हणा."

हा आता सॉरीचा प्रश्न राहिलेला नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

एकटाच फिरलो. दयानंदराव पलीकडून येत होते, मला बघून टेनिस कोर्टाच्या बाजूने वळले. दर्शिनीत पोऱ्याने सवयीने दोन पेले मांडले. मी एक परत केला आणि आख्खी कॉफी मागवली. निम्मी उरली.

जेवताना नवीच चटणी होती, जवसाची, झणझणीत. बाजारातून आणली, प्रतिमा म्हणाली. स्टीलच्या डब्यावर कन्नडात काहीतरी कोरलेलं होतं, पण बसच्या पाट्यांपलीकडे माझं कन्नड जात नाही. बाजारात हल्ली डबेसुद्धा देतात वाटतं.

९ ऑक्टोबर

घरातल्या कोशात हॅवक म्हणजे विध्वंस, नासाडी, धुमाकूळ. एवढंच. यशश्रीच्या मोबाइलवर मात्र मजेशीर माल मिळाला. जुन्या इंग्रजीत ससाण्याला 'हाफोक' म्हणत, त्यावरूनच हा शब्द आला असावा, असं जुन्या काही विद्वानांचं मत होतं. म्हणजे सेक्रेटरींच्या मते आम्ही ससाणे! पहिली स्लाइड तयार केली, त्यात ससाण्याचं चित्र घातलं. यशश्री म्हणाली घारीचं आहे. असू दे, मागच्या रांगेतून कोणाला कळतंय?

११ ऑक्टोबर

बसने जयनगरला गेलो. तिथल्या वाचनालयात माझं कार्ड अजून चालतं, आणि तिथला कोश असा आहे की एक खंड उचलताना दुसऱ्याने टेबल धरावं. उड्डाणपुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं, पण श्रम कारणी लागले.

ससाणा बाद. ते नुसतं ध्वनीचं साम्य, मुळाशी काही नातं नाही. माझी एक स्लाइड वाया गेली, पण त्याच्या जागी जे हाती लागलं ते सोन्याच्या मोलाचं आहे. हा शब्द मुळात विध्वंसाचा नाहीच! तो आहे आरोळीचा. जुन्या फ्रेंचमध्ये 'हॅव्हो'ची आरोळी देणं म्हणजे सैन्याला लुटीची मोकळीक देणं. लढाई जिंकली तरी शिपाई रांगेत उभे. वरून ती आरोळी आली की मग सगळे तुटून पडायचे आणि हाताला लागेल ते ओढायचे. शब्दाच्या आणखी खाली खणलं तर हिसकावणं, आकडी, अशा कुळातले शब्द लागतात म्हणे, पण तिथे कोशकारही जरा चाचरत बोलतात.

आणि मग कायदा! चौदाव्या शतकातल्या एका इंग्रज राजाने लढाईचे नियम काढले, त्यात साफ लिहिलं की परवानगीवाचून जो ही आरोळी देईल त्याची मान उडवावी. मागे धावणाऱ्यांना शिक्षा वेगळी आणि कमी. किती न्याय्य! मुख्य गुन्हेगार लुटणारा नव्हे, ओरडणारा.

माझी केस पक्की झाली. हॅवकला तीन गोष्टी लागतात: वाट बघत थांबलेला जमाव, त्याचा एक म्होरक्या आणि म्होरक्याची आरोळी. सभेत सरळ विचारणार, सेक्रेटरीसाहेब, आरोळी कोणी दिली? म्होरक्या दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.

परतीच्या बसमध्ये इतका आनंद झाला होता की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. खिशातून मोबाइल काढलाही. नाव शोधलं आणि परत ठेवला. ही गोष्ट रंगवून सांगावी असा माणूस एकच, आणि तो मला बघून टेनिस कोर्टाकडे वळतो. पुढचा प्रवास नकोसा झाला.

१४ ऑक्टोबर

शब्दाची पुढची कुंडली काढली. आरोळी हळूहळू विसरली गेली आणि हॅवक म्हणजे आरोळीनंतरची धूळधाण, असं ठरलं. गावं बेचिराख होणं, पिकं तुडवली जाणं. म्हणजे अजून दरारा होता. मग घसरण. आज इंटरनेटवर शोधलं तर दमट हवा केसांचं हॅवक करते, मांजर सोफ्याचं हॅवक करतं, वाढदिवसाला आलेली मुलं तर हमखास करतात. एके काळी ज्याच्यापायी मानेवर कुऱ्हाड पडायची, तो शब्द आता शाम्पूच्या जाहिरातीत पोट भरतो. मोठमोठ्या साहेबांची निवृत्तीनंतर हीच अवस्था होते, मी जवळून बघितली आहे.

सगळं प्रतिमाला वाचून दाखवलं. ती दिवाळीसाठी माळा साफ करत होती.

"सभेत तुम्ही विचारणार, आरोळी कोणी दिली?"

"मग! माझा हुकमाचा पत्ता आहे तो."

"स्लाइडवर लिहून?"

"मोठ्या अक्षरात."

"बरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने फोनवर हसताना ऐकू आली, अगदी पोट धरून. भावाशी बोलत असेल.

१६ ऑक्टोबर

कस्तुराबाईंनी, म्हणजे दयानंदरावांच्या बायकोने, आमचं इडलीपात्र परत पाठवलं. सोबत त्यांचं स्वतःचं मोठं पितळी पातेलं आणि तुळशीची कुंडी. राग आला की बायका उसनी भांडी परत करतात हे माहीत होतं, रागाने स्वतःचीही देऊन टाकतात हे पहिल्यांदा पाहिलं. प्रकरण मी समजत होतो त्याहून गंभीर आहे.

त्यांच्या मजल्यावर रिकाम्या खोक्यांची थप्पी दिसली. नवा टीव्ही घेतला असणार. माणूस मनातून बेचैन असला की असा खर्च करत सुटतो.

१९ ऑक्टोबर

सभा झाली. जेवण झालं. दुपार आहे, सगळे पडले आहेत. मला पडवत नाही म्हणून लिहितो.

क्लब हाउस भरलं होतं. अध्यक्षस्थानी रंजिता, वय तिशीचं, कामाला तुफान. पाणी, पार्किंग, कुत्री हे विषय उरकले आणि माझा पुकारा झाला. दयानंदराव पहिल्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी आठ स्लाइडा आणल्या होत्या, इंग्रजीतून बोललो आणि खोटं कशाला लिहू, छान बोललो. ससाण्यावर हशा मिळाला. फ्रेंच सैन्याला पाचव्या रांगेपर्यंत शांतता मिळाली. राजाच्या फर्मानाला कोणीतरी "अय्यो" म्हणालं. मग शाम्पू, मग पुन्हा हशा. आणि मग मी शेवटची स्लाइड लावली, लाल अक्षरांत: आरोळी कोणी दिली?

सेक्रेटरींकडे वळून मी दोन पावलं पुढे गेलो. "हॅवकसाठी एक म्होरक्या लागतो. एक आरोळी लागते. माझा समितीला एकच सवाल आहे. हू गेव्ह द क्राय?"

मागच्या रांगेतून कस्तुराबाईंचा आवाज आला, मराठीत, अगदी गोड, "अण्णा, तुम्हीच की ओ! बाकावर उभं राहून!"

मराठी घरं तेवढी हसत सुटली. बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. रंजिताने विचारलं त्या काय म्हणाल्या, आणि माझ्या पोटच्या पोरीने उभं राहून ते इंग्रजीत सांगितलं. मी म्हटलं, नाही नाही, तो वेगळा संदर्भ, ती परंपरा आहे, गावी पाटील इशारा देतात आणि मग सगळे... आणि तिथेच माझं वाक्य थांबलं. वाट बघत थांबलेला जमाव, म्होरक्या, आरोळी. हातात आकडीसुद्धा होती. दोन आठवडे भिंगाखाली घालून बघितलेला भाग मीच होतो.

तोवर कोणीतरी यशश्रीने दसऱ्याला काढलेला व्हिडिओ पडद्यावर लावला होता. क्रिकेटची टोपी घातलेला मी, सहा फूट उंच, तोंड उघडून: लुटा रे सोनं! हॉल अक्षरशः कोसळला. मीही हसलो, हसण्यासारखंच ध्यान होतं ते. हसता हसता दयानंदरावांकडे बघितलं.

ते हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते. सगळे पडद्यावर मला बघत होते आणि ते माझ्यामागच्या झाडाकडे बघत होते. व्हिडिओच्या सुरुवातीला झाड अजून भरलेलं होतं. ते जरा पुढे झुकून, डोळे बारीक करून कळ्या बघत होते. मग पडद्यावरची मुलं धावली आणि त्यांनी मान खाली घातली.

इतके दिवस मी एका शब्दाचा अपमान मोजत बसलो होतो आणि या माणसाचं काय गेलं हे एकदाही विचारलं नाही.

मी माइक घेतला. "आरोप मान्य आहे," म्हटलं. "शब्द बरोबर आहे. सेक्रेटरींनी तो अगदी अचूक वापरला आहे."

दयानंदराव उठले. नोटीस मागे घेतो म्हणाले. नाहीतरी हे त्यांचं शेवटचंच काम, महिनाअखेरीला ते दोघं कायमचे बेळगावला जात आहेत. घर रंगवून झालं आहे.

मला माहीत नव्हतं. प्रतिमाला माहीत होतं, यशश्रीला माहीत होतं, त्यांच्या मजल्यावरच्या खोक्यांना माहीत होतं.

मग नवा सेक्रेटरी कोण, असा विषय निघाला आणि हॉलभर लोकांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली. रंजिताने माझी सहावी स्लाइड परत लावली, मान उडवण्याची. "सर, शिक्षा तर तुम्हीच सुचवली आहे," ती म्हणाली, "पण आम्ही तुम्हाला सेक्रेटरी करून सोडतो." टाळ्यांच्या गजरात ठराव पास.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान झालं, फराळाआधी खाली गेलो. ते झाडाला पाणी घालत होते. मी जाऊन सरळ म्हटलं, "दयानंदराव, माझं चुकलं. त्या दिवशी 'सगळ्यांनी मिळून' म्हणालो, तेही चुकलं. मला माफ करा."

त्यांनी पाण्याची बादली पुरती रिकामी केली, मग म्हणाले, "नर्सरीवाला सांगितला होता, ह्याचं फूल पांढरं का जांभळं ते फुलल्यावरच कळणार. कस्तुरा म्हणते पांढरं. मी म्हणतो जांभळं. पाच वर्षं भांडलोय आम्ही त्याच्यावरनं. तेवढं बघून जायचं होतं ओ."

बादली मी उचलली.

"खरं तुमचं ते भाषण," ते म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा बघू. काल माझं लक्षच नव्हतं. त्या राजाचं काय ते?"

दर्शिनी सणामुळे अर्धीच उघडी होती. बाय-टू मागवली आणि मी ससाण्यापासून सुरुवात केली. फर्मानापाशी त्यांनी मला थांबवलं. "म्हंजे तुमची मान कापली असती राजानं?"

"कापली असती."

"आणि मी नुस्ती नोटीस लावली!" म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की कॉफी शर्टावर सांडली.

१ नोव्हेंबर

गेले. गेटावर कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लावायची गडबड आणि त्यातून त्यांचा ट्रक निघाला. कस्तुराबाई आणि प्रतिमा गळ्यात पडून रडल्या. पुरुषांना ती सोय नाही. मी त्यांची आकडी परत आणली होती, ती ट्रकमध्ये मावेना.

"ठेवा तुमच्यातच," ते म्हणाले, "खरं ह्या झाडाला लावू नका." मग गाडीच्या खिडकीतून, "रोज सकाळी फोन करतो. कळी धरली काय तेवढं सांगायचं."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१३ नोव्हेंबर

फोन खरंच रोज येतो, माझ्या फिरण्याच्या वेळेला. "काय ओ, धरली काय?" "नाही अजून." हे झालं की मग बाकीचं: तिकडचा पाऊस, इकडचं पाणी, त्यांच्या शेजाऱ्याचा कोंबडा, माझ्या सेक्रेटरीपणाची फजिती. आज सी ब्लॉकच्या एका गृहस्थांनी तक्रार दिली की मुलांनी फुटबॉल खेळून हॅवक केलं, नोटीस काढा. मी उलट विचारलं, आरोळी कोणी दिली ते आधी सांगा. ते मला वेडा समजून गेले. ऐकून दयानंदराव तिकडे इतके हसले की कस्तुराबाईंनी फोन काढून घेतला.

दर्शिनीत आता अर्धी कॉफी मिळते का विचारलं. मिळत नाही.

२ डिसेंबर

पानं भरभरून आली आहेत. आज सगळ्यात वरच्या फांदीला, जिथे दसऱ्याला आकडी पोचली नव्हती, काहीतरी लांबट हिरवं दिसलं. दोनदा चष्मा पुसला. कळ्या आहेत. चार तरी आहेत.

तेवढ्यात फोन आला. "काय ओ, धरली काय?"

तोंड उघडलं आणि भलतीच शंका आली. धरली म्हटलं की मग उद्या फोन कशाला येईल? बेळगावात त्यांना आता शेजारी आहेत, कट्टा आहे. मला मात्र...

"नाही अजून," मी म्हटलं.

११ डिसेंबर

काल फुललं! जांभळं. म्हणजे दयानंदराव जिंकले आणि ते मी त्यांना सांगू शकत नाही, ही काय कमी शिक्षा आहे? नऊ दिवस खोटं बोलतोय. रोज ठरवतो, आज सांगायचं. रोज त्यांचा आवाज ऐकला की जीभ वळत नाही.

प्रतिमा कालच खाली येऊन फुलांचे फोटो काढून गेली. कस्तुराबाईंना पाठवले म्हणाली. मी जरा घाबरलो, पण बायका असल्या गोष्टी नवऱ्यांना कुठे सांगत बसतात?

आज झाडाखालीच उभा होतो, एक पाकळी खांद्यावर पडलेली, आणि फोन वाजला.

"काय ओ, फुटलं काय?"

"नाही हो अजून."

पलीकडे मागून कस्तुराबाई काहीतरी बोलल्या आणि दयानंदरावांनी त्यांना गप्प केलं.

"असू दे ओ," दयानंदराव म्हणाले. आवाज का कोण जाणे भलताच खुशीत होता. "झाडाला काय घाई आहे? वेळ लागतो त्याला. वर्ष बी लागेल. मी उद्या करतो की फोन."

बिचाऱ्यांना काही पत्ता नाही. उद्याही नाहीच सांगणार आहे.